माझं आडनाव इंग्रजीत गेलं की भलताच शब्द होतो

पत्राचा सारांश: पत्रलेखिका पश्चिम विदर्भातल्या एका लहान गावची, शेतकऱ्याची मुलगी. कृषी शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. कपाशीवरच्या बोंडअळीबद्दलचा तिचा पहिला शोधनिबंध इंग्रजीत तयार होतोय. तिचं आडनाव पंचक्रोशीत मोजक्याच घरांचं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की त्याचा रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द होतो. वर्गात त्यावरून हशा झाला. एका प्रशिक्षणाची यादी कुणीतरी फोनवर इंग्रजीतून मराठीत करून घेतली, तर आडनावाच्या जागी त्या शब्दाचा अर्थ छापून आला, आणि तीच यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. आता ती विचारते, निबंधात आडनाव गाळून वडिलांचं नाव लावू का? स्पेलिंग बदलू का? की गावाच्या नावाला 'कर' जोडून नवीनच आडनाव घेऊ? वडील म्हणतात, "आडनाव बदलशीन त सातबाऱ्यावर अन् जातीच्या दाखल्यावर काय लिहिशीन?" शिवाय मार्गदर्शक सरांचा उल्लेख नुसत्या आडनावाने करणं तिला उद्धटपणाचं वाटतं. होस्टेलात आल्या आल्या मैत्रिणींनी "हे आडनाव कोणात येतं?" असं विचारल्याचंही तिने जाता जाता लिहिलं आहे.

प्रिय मैत्रिणी,

तुझं खरं आडनाव इथे छापत नाही. पण उदाहरणाशिवाय हा विषय सांगता येणार नाही, म्हणून त्याच चालीचं वऱ्हाडातलं दुसरं आडनाव घेते: टाले. इंग्रजीत टी-ए-एल-ई. इंग्रजी वाचणारा त्याला 'टेल' म्हणतो आणि त्याला कहाणी आठवते. दिवे, मते, दाते, मुळे, माने, काळे, मोरे यांचंही तेच. त्याच अक्षरांत सूर मारणं, सोबती, तारीख, खेचर, आयाळ, एक पालेभाजी आणि 'अधिक' हे शब्द बसलेले आहेत. फरक एवढाच की मोरे आणि काळे प्रत्येक वर्गात दोघे-तिघे असतात, त्यामुळे तिथे हसणाराच एकटा पडतो. तुझी घरं थोडी, म्हणून सगळं हसू तुझ्या एकटीच्या वाट्याला आलं.

हे घडतं कसं ते आधी बघ, म्हणजे आडनावाला दोष देणं थांबेल. आपल्या ट, त दोघांनाही इंग्रजीत एकच अक्षर मिळतं. अ आणि आ यांनाही एकच. आणि शेवटचा ए आपण पुरता उच्चारतो, तर इंग्रजीत शब्दाच्या शेवटी आलेला ई बहुतेक वेळा मुका असतो, मागच्या स्वराला लांबवून स्वतः गप्प बसतो. विदर्भात ए-कारान्त आडनावं ढिगाने आहेत. त्यातलं जे दोन अक्षरांत संपतं ते या सापळ्यात अडकण्याची शक्यता मोठी. तुझ्या पणजोबांनी आडनाव ठेवताना, किंवा दुसऱ्या कुणी त्यांना ते लावून देताना, इंग्रजी डिक्शनरी कुणाच्याच हातात नव्हती.

आता तुझ्या पत्रातलं एक गृहीत. असं आडनाव असलेल्या माणसाचं इंग्रजीतलं लेखन लोक गांभीर्याने घेणार नाहीत, असं तू धरून चालली आहेस. गडचिरोलीकडे बघ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग म्हणजे इंग्रजीत धडाम असा आवाज, लहान मुलाच्या चित्रकथेत फटाक्याजवळ लिहिलेला असतो तोच शब्द. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. गडचिरोलीतल्या ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, ४७ गावांशी तुलना केली, आणि नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं. त्यानंतर जगभरातल्या बालआरोग्याच्या लेखनात 'बंग आणि सहकारी' असा उल्लेख किती ठिकाणी आला असेल! त्या वाक्यांत कुणाला फटाका ऐकू येत नाही. लेखकांच्या यादीत दोघांचं आडनाव एकच, पण पुढे एकाची आद्याक्षरं ए. टी. आणि दुसऱ्यांची आर. ए. अशी पडतात, त्यामुळे नवरा-बायकोत गोंधळही होत नाही. तू बोंडअळीवर लिहिते आहेस. तुझे आकडे वाचणारा माणूस कपाशीचं नुकसान बघायला आलेला असेल, तुझ्या आडनावावर कोटी करायला नाही.

तरीही अडचण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ती आहे, आणि तिची जागा वाक्यात आहे. 'टाले रिपोर्ट्स लॉसेस इन कॉटन' असं वाक्य इंग्रजीत लिहिलंस, तर वाक्याचा पहिला शब्द म्हणून टी मोठा असणारच. हा टी नावाचा की वाक्यारंभाचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तो 'कहाणी' धरून पुढे जातो, अडखळतो, मागे येतो. तेच आडनाव वाक्याच्या मध्ये घेतलंस की मोठं अक्षर आपलं काम करतं. 'इन यवतमाळ, टाले (२०२४) रिपोर्टेड लॉसेस' असं लिही. आधी जागा, मग नाव, नावाला चिकटून कंसात साल. सालामुळे ते नाव पक्कं होतं. एवढ्याने निम्म्याहून जास्त वाक्यं सुटतात. जिथे आडनावाने सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नाही, तिथे पूर्ण नाव टाक किंवा आधी 'डॉ.' लाव. पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव आणि नंतर नुसतं आडनाव, ही इंग्रजी लेखनाची सर्वसाधारण रीत तुझ्या सोयीचीच आहे. तिचा आणखी एक फायदा म्हणजे बाई की माणूस हे पहिल्या नावावरून कळतं. मराठीत 'टाले म्हणाल्या' यात ते क्रियापदानेच सांगितलेलं असतं, इंग्रजी क्रियापद ते सांगत नाही.

मराठीत आडनाव कसं वाकतं ते तू रोज ऐकतेस. टाल्यांचा वाडा, टाल्यांकडचं लग्न, टाल्याचा पोरगा, टालेबाई. नाव प्रत्येक वेळी थोडं रूप बदलतं. इंग्रजीत ते तसंच्या तसं ठेवायचं. मालकी दाखवायची तर अपॉस्ट्रॉफी लावून एस, आणि घरातली सगळी माणसं सांगायची तर अपॉस्ट्रॉफीशिवाय नुसता एस आणि आधी 'द'. हेमलकशाचे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्या दोघांना मिळून इंग्रजीत 'द आमटेज' म्हणता येतं. या एसमध्ये अपॉस्ट्रॉफी घालण्याची चूक लग्नपत्रिकांपासून दुकानाच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे दिसते. तुझ्या बाबतीत मात्र अनेकवचन टाळलेलंच बरं, कारण 'द टेल्स' म्हणजे थेट कहाण्या होतात. 'द टाले फॅमिली' लिही. ज्यांचं आडनाव दास, व्यास असं स-कारान्त आहे त्यांनी मालकीच्या वेळी पुढे आणखी एक एस द्यायचा की नुसता अपॉस्ट्रॉफी, याबद्दल दोन मोठ्या शैलीपुस्तकांतच मतभेद आहेत. शिकागोची शैली एस द्यायला सांगते, अमेरिकन वृत्तसंस्था एपीची शैली नको म्हणते. एक धर आणि शेवटपर्यंत तीच ठेव.

एक बारीक गोष्ट, जी गावंडे किंवा वडेट्टीवार आडनाव असलेल्याला कधी सुचणार नाही. त्यांनी स्पेलिंग चुकवलं किंवा बरोबर लिहिलं तरी कॉम्प्युटर खाली लाल रेघ ओढतो आणि लक्ष जातं. तुझं आडनाव कॉम्प्युटरला माहीत असलेला शब्द आहे. टी चुकून लहान पडला तरी लाल रेघ येणार नाही, आणि तुझ्या निबंधात 'अकॉर्डिंग टू टेल' असं वाक्य निमूट बसून राहील. म्हणून निबंध पाठवण्यापूर्वी फाइंडमध्ये 'मॅच केस' लावून लहान अक्षरातलं आडनाव शोध. छपाईआधी तपासायला प्रूफ आलं की पुन्हा शोध. भाषा तपासणारा माणूस गुजरातचा असो की जर्मनीचा, त्याला ते नाव आहे हे ठाऊक नसतं. त्याला मेलमध्ये एक ओळ लिहून ठेव की हे माझं आडनाव आहे, उच्चार टा-ले असा आहे. मेलच्या खाली सही करताना पहिलं नाव साधं आणि आडनाव सगळं मोठ्या अक्षरांत लिही. आंतरराष्ट्रीय परिषदांत पुष्कळ देशांचे लोक तसं लिहितात, त्यात विचित्र काही नाही.

सरांबद्दल तुझा संकोच मला फार जवळचा वाटला. आपण 'टाले सर आले' म्हणतो, अनेकवचनाने मान देतो, आणि इंग्रजीत लिहिताना हात आपोआप 'सर आर' लिहून जातो. इंग्रजीत माणूस एक असेल तर क्रियापद एकवचनीच, तो कुलगुरू असला तरी. मान द्यायची तिथली जागा नावाच्या आधी असते, 'डॉ.', 'प्रोफेसर'. पण पहिल्या नावाआधी 'सर' लावू नकोस, कारण इंग्रजीत तो ब्रिटिश राजाने दिलेला किताब ठरतो. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांच्या नावातला 'सर' तो आहे. सरांना मेल करताना पहिल्या नावानंतर 'सर' लिहिलंस तर आपल्या देशात कुणालाही खटकणार नाही, तसं खुशाल लिही. निबंधाच्या मजकुरात मात्र ज्येष्ठ असोत की कनिष्ठ, सगळे नुसत्या आडनावाने आणि सालाने येतात. तिथे तुझ्या सरांच्या शेजारी नोबेल मिळालेला माणूसही तसाच उभा असतो. आदर सविस्तर लिहायला आभाराचं पान आहे. तिथे पदवीसकट पूर्ण नाव दे आणि सरांनी तुझ्यासाठी काय केलं ते मनापासून लिही.

आता तू जाता जाता लिहिलेल्या त्या ओळीकडे येते. होस्टेलातल्या मुलींनी विचारलेला प्रश्न तू एका वाक्यात उरकलास आणि स्पेलिंगवर दोन पानं लिहिलीस. मला वाटतं, जास्त दुखलेलं त्या एका ओळीत आहे. आपल्या भागात आडनाव कळलं की माणूस कुठल्या खणात ठेवायचा हे लोक मनात ठरवून टाकतात. नेहमीची आडनावं असली की हे न बोलता होतं. तुझं आडनाव ओळखीचं नाही, म्हणून त्यांना विचारावं लागलं, आणि ते उघड झालं. गावाच्या नावाला 'कर' जोडल्याने हा प्रश्न थांबेल असं तुला वाटतंय का, हे स्वतःला विचार. थांबणार नाही. मग "मूळ आडनाव काय?" असं विचारतील, आणि ते पहिल्यापेक्षा बोचेल. जात दिसू नये म्हणून आडनाव सोडणारी माणसं महाराष्ट्रात आहेत, विचार करून सोडणारी, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तुझं कारण ते असेल तर ते तुझं तू शांतपणे ठरव आणि घरच्यांशी त्याच भाषेत बोल. पण इंग्रजी स्पेलिंगचं निमित्त करून तो निर्णय घाईत घेऊ नकोस. आणि होस्टेलात पुन्हा कुणी विचारलं तर "वाशीमकडचं आडनाव आहे" किंवा जे गाव असेल ते सांगून गप्प राहायचा तुला पूर्ण हक्क आहे. उत्तर देणं बंधनकारक नाही.

बाबांचं म्हणणं तुला जुनाट वाटलं असेल. मला ते नेमकं वाटतं. आडनाव बदलता येतं, शासन राजपत्रात रीतसर जाहिरात देऊन. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं: आधार, पॅन, बँक, गुणपत्रिका, पदवी. आणि आरक्षणाचा लाभ घेणाऱ्या घरात सर्वांत अवघड जात वैधता. जातीचा दाखला खरा आहे का हे तपासणारी पडताळणी समिती आजोबा-पणजोबांच्या नोंदी मागते. आपल्याकडे त्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, नकलेत आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सापडतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा बघितला जातो. त्या पिवळ्या पडलेल्या पानावरचं आडनाव आणि तुझं आडनाव जुळलं की अर्धी लढाई तिथेच संपते. नवीन आडनाव घेतलंस तर तो माणूस तुझा आजोबा आहे हे प्रत्येक टेबलावर कागद लावून सिद्ध करत बसावं लागेल. देवनागरीतलं आडनाव, निदान शिक्षण आणि नोकरी मार्गी लागेपर्यंत, हलवू नकोस.

निबंधावर वडिलांचं नाव आडनावासारखं लावण्यातही गुंता आहे. पदवीवर एक नाव, निबंधावर दुसरं. पुढे पीएच.डी.ला किंवा नोकरीच्या मुलाखतीत हा निबंध माझाच असं प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागेल. उलट एक गोष्ट अशी आहे की तू न ठरवताही वडिलांचं नाव तुझं आडनाव होऊन बसू शकतं. दहावी-बारावीच्या आपल्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. त्याच क्रमाने तू जर्नलच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव भरलंस तर तिथलं यंत्र शेवटचा शब्द आडनाव समजतं. माझ्याकडे आलेल्या अशाच काही पत्रांत मुलांचे निबंध वडिलांच्या नावाखाली नोंदले गेले होते. म्हणून 'फॅमिली नेम'च्या चौकटीत फक्त आडनाव, 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव, आणि वडिलांचं आद्याक्षर मधल्या चौकटीत. आणि आजच 'ऑर्किड' (ORCID), म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून घे. फुकट असतो, सोळा आकडी, २०१२ पासून जगभरचे संशोधक वापरतात. नाव कुणी कसंही छापलं तरी निबंध त्या क्रमांकाने तुझ्याच खात्यात राहतो.

राहिलं स्पेलिंग. आणखी एक ए घालून टी-ए-ए-एल-ई केलं तर उच्चार सुधारतो, आणि ही सूचना वाईट नाही. पण आधी दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, बँक पासबुक एकत्र मांडून बघ. चारही ठिकाणी एकच स्पेलिंग असेल तर त्याला हात लावू नकोस. आत्ताच दोन-तीन वेगवेगळी असतील, आणि आपल्याकडे ती बरेचदा असतात, तर कुठलं तरी एक पक्कं करण्याची हीच वेळ आहे. दुरुस्ती करायचीच आहे तर मग दोन ए असलेलं धर, गुणपत्रिका आणि आधार आधी दुरुस्त करून घे आणि त्यानंतरच निबंध पाठव. शेवटी वाय लावण्याच्या फंदात पडू नकोस, त्याने 'टॅली' किंवा 'टेली' होतं. फ्रेंच पद्धतीने शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ देण्याची कल्पना सुंदर आहे, पण आपले सरकारी फॉर्म ती घेत नाहीत.

उमरखेड तालुक्यातल्या उटीचं गावंडे घराणं तुला ठाऊक असेल. त्या गावातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचा मुलगा, सर्जन अतुल गावंडे, १९९८ पासून 'न्यूयॉर्कर' या अमेरिकन मासिकात लिहीत आला आहे. गावंडे हे नावही इंग्रजी जिभेला सोपं नाही. त्याची पुस्तकं वाचणाऱ्यांनी ते शिकून घेतलं, त्याने ते सोपं करून दिलं नाही. सेमिनारमध्ये उभी राहशील तेव्हा आडनाव सावकाश, दोन तुकड्यांत सांग. एकदा. मग थेट बोंडअळीवर ये.

फलकावरच्या यादीचं मात्र आजच बघ. ग्रामपंचायतीत जा, सोबत बाबांना ने, आधारची झेरॉक्स ने, आणि दुरुस्त यादी लावायला सांग. हसण्यावारी नेलं तर लेखी अर्ज देऊन पोच घे, कारण त्या यादीवरून उद्या प्रमाणपत्रं निघतील आणि तिथेही तोच शब्द छापून येईल.

ज्यांच्यामुळे हे मुळात घडतं किंवा टळतं, त्या दोघांना इथेच सांगते. याद्या करणाऱ्यांनी नावांचा रकाना भाषांतरात टाकू नये. तो हाताने देवनागरीत लिहावा, वेळ लागला तरी चालेल. आणि पहिलीच्या मुलांची नावं इंग्रजीत ऑनलाइन भरणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी आई-वडिलांना शाळेत बोलवून, घरातल्या थोरल्या भावंडाचा दाखला समोर ठेवून स्पेलिंग भरावं. एका घरातल्या तीन मुलांची तीन स्पेलिंगं तिथूनच सुरू होतात.